टी-पेशींना शत्रू दिसतो तरी कसा?

१/ एका वंशाच्या उंदराची कातडी दुसऱ्या वंशाच्या उंदरावर लावली, की ती नाकारली जाते. पेशींच्या पृष्ठभागावरील काही प्रथिने यास कारण आहेत, हे पीटर गोरर व जॉर्ज स्नेल यांच्या संशोधनातून उलगडले. परंतु निसर्गात कोणी कोणाला कातडी लावत नाही. मग ही प्रथिने कशासाठी?

२/ उत्तर सापडले ऑस्ट्रेलियात, कॅनबेरा येथे. १९७३ साली जागेच्या टंचाईमुळे दोन तरुण संशोधक एकाच प्रयोगशाळेत आले : पशुवैद्य पीटर डोहर्टी आणि स्वित्झर्लंडचे डॉक्टर रोल्फ झिंकरनागेल. त्यांच्यासमोर होता उंदरांच्या मेंदूच्या आवरणास सूज आणणारा एक विषाणू. हा विषाणू स्वतः पेशी मारत नाही. उंदीर मरतो तो आपल्याच टी-पेशींच्या हल्ल्याने.

३/ बाधित उंदराच्या टी-पेशी त्यांनी काचपात्रात बाधित पेशींसमोर सोडल्या. स्ववंशाच्या बाधित पेशी मारल्या गेल्या. परवंशाच्या पेशी त्याच विषाणूने बाधित असूनही वाचल्या! फरक नेमका त्या प्रत्यारोपण-प्रथिनांचा होता.

४/ म्हणजे टी-पेशी केवळ परके ओळखत नाही. आपल्या प्रथिनासोबत असलेले परके ओळखते. १९७४ मध्ये ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झाले. मात्र वाद उरला : त्यासाठी दोन रिसेप्टर लागतात की एकच?

५/ १९८४ साली टोरांटोत टॅक माक आणि अमेरिकेत मार्क डेव्हिस यांच्या गटांना रिसेप्टरची जनुके गवसली. १९८६ मध्ये ऑक्सफर्डच्या अ‍ॅलन टाउनसेंड यांनी दाखवले, की टी-पेशीला अखंड विषाणू लागतच नाही. त्याच्या अंतर्गत प्रथिनाचा छोटा तुकडाही पुरतो.

६/ हा तुकडा बसतो कुठे? १९८७ साली हार्वर्डमध्ये पामेला ब्योर्कमन व सहकाऱ्यांनी मानवी प्रत्यारोपण-प्रथिनाची रचना उलगडली. माथ्यावर एक खोबण होती, आणि ती रिकामी नव्हती.

७/ १९९६ मध्ये संपूर्ण जोडणीचे चित्र हाती आले. एकच रिसेप्टर खोबणीच्या कडा आणि तीतील तुकडा एकाच वेळी चाचपतो. त्याच वर्षी डोहर्टी व झिंकरनागेल यांना नोबेल मिळाले.

८/ कोड्याचे उत्तर असे : ही प्रथिने प्रत्यारोपण रोखण्यासाठी घडलीच नव्हती. पेशीच्या आत काय चालले आहे, याचा पुरावा बाहेर मांडणे हे त्यांचे काम. परक्या अवयवास मिळणारा नकार ही त्याच दक्षतेची किंमत होय.