सॉफ्टवेअर चाचेगिरी व बनावट प्रचालन प्रणालींचा शोध

संगणकीय आज्ञावलीची तिच्या हक्कधारकाच्या परवानगीवाचून प्रत काढणे, ती विकणे, वाटणे किंवा जाणूनबुजून वापरणे यास सॉफ्टवेअर चाचेगिरी असे म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिम या नावाने परिचित असलेली प्रचालन प्रणाली ही संगणकाचे यंत्रभाग, त्यात साठविलेली माहिती आणि इतर आज्ञावली यांचा मेळ घालणारी मूलभूत आज्ञावली होय. तिच्यावाचून संगणक कामास येत नसल्याने प्रत्येक नव्या संगणकाबरोबर तिच्या प्रतीला मागणी निर्माण होते. चाचेगिरीचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात : परिचितांनी एकच प्रत अनेक संगणकांवर घालणे, विक्रेत्याने परवाना न घेता ती संगणकात भरून देणे आणि वेष्टन, तबकडी व प्रमाणपत्र यांसह हुबेहूब बनावट प्रत तयार करून ती अस्सल म्हणून विकणे. तिसऱ्या प्रकारात ग्राहक बहुधा पुरेशी किंमत मोजूनही फसविला जातो.

खोट्या नाण्यात किंवा चित्राच्या नकलेत मुळापेक्षा कोठे तरी उणीव राहते; आज्ञावलीची प्रत मात्र मुळाशी तंतोतंत जुळते. त्यामुळे अस्सलपणाची खूण आज्ञावलीत मुद्दाम लपवावी लागते किंवा तिच्याबाहेर शोधावी लागते. ही खूण प्रथम विकावयाच्या वस्तूवर, नंतर ग्राहकाच्या यंत्रात आणि अखेरीस त्याच्या खात्यात ठेवली गेली. त्याबरोबर अस्सलपणा सिद्ध करण्याचा भारही विक्रेत्याकडून ग्राहकाकडे सरकत गेला.

प्रारंभीचा काळ : वैयक्तिक संगणकांच्या आरंभीच हा प्रश्न उपस्थित झाला. १९७५ साली अमेरिकेत ॲल्टेअर ८८०० हा संगणक विक्रीस आला. त्यासाठी बिल गेट्स व पॉल ॲलन यांनी तयार केलेला बेसिक भाषेचा दुभाषक छिद्रित कागदी फितीवर मिळत असे. ही प्रचालन प्रणाली नव्हती. परंतु तिची एक फीत हौशी मंडळींच्या हाती पडून तिच्या प्रती मंडळांच्या सभांतून वाटल्या गेल्या. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना अनावृत पत्र लिहिले. ॲल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतल्याचे त्यांनी त्यात नमूद केले. यंत्रासाठी पैसे मोजावयाचे आणि आज्ञावली मात्र सर्वांची मानावयाची, या वृत्तीवर त्यांचा रोख होता. तथापि अशा वाटपामुळेच ती बेसिक सर्वत्र रूढ झाली, असाही एक पक्ष आहे.

पुढे डिजिटल रिसर्च या कंपनीच्या सीपी/एम प्रणालीत प्रत्येक प्रतीला अनुक्रमांक असे. प्रणालीचा आकार बदलणारी उपआज्ञावली आणि चालू प्रणाली यांचे अनुक्रमांक जुळले नाहीत, तर काम थांबत असे. प्रतीची ओळख यंत्राकरवीच पटविण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न होय.

कायद्याचे संरक्षण : अमेरिकेने १९८० साली स्वामित्वहक्क कायद्यात संगणकीय आज्ञावलींविषयी दुरुस्ती केली. परंतु यंत्राला चालविणारी प्रचालन प्रणाली ही वाङ्‌मयकृती की यंत्राचाच भाग, हा वाद शिल्लक होता. ॲपल कंपनीने फ्रँकलिन कंपनीविरुद्ध १९८२ साली दाखल केलेल्या दाव्यात तो मिटला. फ्रँकलिनच्या एस १०० या संगणकात ॲपलच्या प्रणाली उतरवून घेतलेल्या होत्या. फ्रँकलिनच्या एका मूळ तबकडीवर ॲपलच्या एका कार्यक्रमकाचे नाव आणि ‘ॲपलसॉफ्ट’ हा शब्द तसाच राहून गेलेला सापडला. फ्रँकलिनने नक्कल नाकारली नाही. प्रचालन प्रणालीला स्वामित्वहक्कच लागू होत नाही, असा त्याचा बचाव होता. ३० ऑगस्ट १९८३ रोजी अपील न्यायालयाने हा बचाव अमान्य केला. या अनुभवावरून १९८४ साली विक्रीस आलेल्या मॅकिंटॉश संगणकाच्या कायम स्मृतीत ‘ॲपलकडून चोरलेले’ अशा अर्थाचे एक चित्र दडवून ठेवण्यात आले. कोणी नक्कल केलीच, तर न्यायालयात ते पडद्यावर आणता यावे, हा त्यामागील हेतू होता.

वस्तूवरील खुणा : १९९० नंतरच्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीचा प्रसार झाला, तशा तिच्या बनावट प्रतीही वाढल्या. वेष्टनावर त्रिमितीय भासणारी होलोग्राम चित्रे, संगणकावर चिकटवावयाचे अस्सलपणाचे प्रमाणपत्र व पंचवीस अक्षरांची उत्पादन-किल्ली असे उपाय योजण्यात आले. पुढे होलोग्राम तबकडीतच अंतर्भूत करण्यात आला. बनावट तबकड्यांवर बहुधा तो वरून चिकटविलेला आढळे. तबकडी दाबून काढणाऱ्या यंत्राच्या सूक्ष्म खुणा बोटांच्या ठशांप्रमाणे तपासून कोणता माल एकाच कारखान्यातून आला, हेही ठरविता येऊ लागले. २००७ साली चीनमधील ग्वांगडुंग प्रांतात चिनी पोलीस व अमेरिकेची एफबीआय यांनी एक मोठी टोळी उघडकीस आणली. तिचा माल ३६ देशांत पोहोचलेला होता. डिसेंबर २००८ मध्ये शेन्झेन येथील न्यायालयाने तिच्यातील अकरा जणांना दीड ते साडेसहा वर्षांच्या शिक्षा दिल्या.

यंत्राची ओळख : २५ ऑक्टोबर २००१ रोजी विक्रीस आलेल्या विंडोज एक्सपीबरोबर सक्रियणाची पद्धत रूढ झाली. तीत संगणकाच्या निरनिराळ्या भागांवरून काढलेला सांकेतिक अंक आणि उत्पादन-किल्ली यांची कंपनीकडे सांगड घातली जात असे. तीस दिवसांत हे न केल्यास प्रणाली वापरता येत नसे. मोठ्या संस्थांना मात्र सक्रियण नको असलेल्या सामाईक किल्ल्या दिलेल्या होत्या. त्यांपैकी एक किल्ली विक्रीपूर्वीच बाहेर फुटली आणि जगभर वापरली गेली. सप्टेंबर २००२ मधील पहिल्या सुधारणा-संचाने अशा किल्ल्या ओळखून त्यांवर चालणारे संगणक नाकारले.

२००५ च्या जुलैपासून विंडोज जेन्युइन ॲडव्हांटेज या योजनेखाली कंपनीच्या संकेतस्थळावरून बहुतेक साहित्य घेण्यापूर्वी प्रणालीची तपासणी सक्तीची झाली. सुरक्षाविषयक दुरुस्त्या मात्र सर्वांना खुल्या राहिल्या. ही तपासणी चुकविण्याची युक्ती काही दिवसांतच प्रसृत झाली. २००६ साली या योजनेतील सूचना देणारी आज्ञावली रोज कंपनीशी संपर्क साधते, हे उघड झाल्यावर अमेरिकेत तिच्याविरुद्ध दावे दाखल झाले. ऑक्टोबर २००८ मध्ये चीनमध्ये अनधिकृत प्रणालींचे पडदे दर तासाला काळे होऊ लागले, तेव्हा कंपनीला लोकांच्या यंत्रात असा हस्तक्षेप करण्याचा अधिकार आहे काय, यावर तेथे मोठा वाद झाला. त्याच देशात ‘टोमॅटो गार्डन’ नावाची फेरफार केलेली एक्सपी विनामूल्य पसरविणाऱ्या इसमाला ऑगस्ट २००९ मध्ये साडेतीन वर्षांची कैद झाली.

तपासणीतील चुका : प्रत्येक तपासणीत बनावट प्रत निसटणे आणि अस्सल प्रत संशयित ठरणे असे दोन दोष संभवतात. ऑगस्ट २००७ च्या अखेरीस कंपनीच्या सेवा-संगणकांवर अपुरी तपासलेली आज्ञावली चुकून घातली गेली. त्यामुळे सुमारे एकोणीस तास अस्सल प्रतीही बनावट ठरत होत्या. व्हिस्टा प्रणालीतील काही सुविधा बंद पडल्या. बाधित संगणक बारा हजारांहून कमी होते, असे कंपनीने सांगितले. जानेवारी २०१९ मध्येही सेवा-संगणकांवरील एका बदलामुळे अनेक संस्थांतील परवानाधारक विंडोज ७ प्रणाली ‘अस्सल नाही’ असे सांगू लागल्या. दोन्ही प्रसंगी ग्राहकाजवळ पावती व प्रमाणपत्र असूनही त्यांचा तत्काळ उपयोग नव्हता, कारण निर्णय दूरच्या यंत्राकडे होता. व्हिस्टामध्ये संशयित प्रणालीचे कार्य जवळजवळ बंद करण्याची जी योजना होती, ती २००८ च्या पहिल्या सुधारणा-संचात सोडून देऊन तिच्या जागी वारंवार सूचना दाखविण्याची पद्धत आली.

दुसऱ्या बाजूने बनावट प्रणालीचा धोका खुद्द वापरणाऱ्यालाही असतो. ओळखले जाण्याच्या भीतीने अनेक जण स्वयंचलित दुरुस्त्या बंद ठेवीत. त्यामुळे सुरक्षेतील छिद्रे तशीच राहत. मायक्रोसॉफ्टने चीनच्या बाजारातून घेतलेल्या वीस नव्या संगणकांपैकी चारांत घातक आज्ञावली आधीच भरलेल्या आढळल्या.

भारतातील स्थिती : भारतात स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ याच्या १९८४ मधील दुरुस्तीने संगणकीय आज्ञावलींचा वाङ्‌मयकृतीत समावेश झाला. १० मे १९९५ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीनुसार आज्ञावलीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारी लाभासाठी नसल्यास न्यायालय कैद न देता केवळ दंड करू शकते. कायदेशीर ताबेदाराला राखीव प्रत काढण्याची मुभा आहे. मुंबईतील लॅमिंग्टन रोड म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग किंवा दिल्लीतील नेहरू प्लेस येथे सुटे भाग जोडून दिलेल्या संगणकांत परवान्यावाचून प्रणाली भरून देण्याची प्रथा दीर्घकाळ होती. जुळणीच्या स्वस्त संगणकाच्या मानाने परवान्याची किंमत जड वाटणे, हे तिचे एक कारण होते. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स या उद्योगसंघटनेच्या अंदाजानुसार भारतात परवान्यावाचून वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचे प्रमाण २००७ मध्ये ६९ टक्के व २०१७ मध्ये ५६ टक्के होते. हे अंदाज हितसंबंधी उद्योगाचे असल्याने ते सावधपणे स्वीकारावे लागतात. अशा आकडेवारीचा पडताळा घेता येत नसल्याचा अभिप्राय अमेरिकेच्या शासकीय लेखापरीक्षण संस्थेने २०१० साली दिला होता. लिनक्ससारख्या मुक्त प्रणालींची प्रत काढण्यास परवानगी असल्याने त्यांच्या बाबतीत हा प्रश्न बव्हंशी उद्‌भवत नाही. सी-डॅक या शासकीय संस्थेने विकसित केलेली बॉस प्रणाली याच प्रकारात मोडते.

समारोप : २०१२ मधील विंडोज ८ पासून उत्पादन-किल्ली नव्या संगणकांच्या स्थायी आज्ञावलीत कारखान्यातच भरली जाऊ लागली. विंडोज १० मध्ये परवान्याची नोंद कंपनीकडे राहू लागली आणि २०१६ पासून ती ग्राहकाच्या खात्याशी जोडण्याची सोय झाली. त्यामुळे चिकटविलेले प्रमाणपत्र जवळजवळ निरुपयोगी झाले. यामुळे साधी नक्कल कठीण झाली, हे खरे. परंतु विकत घेतलेली वस्तू आपलीच आहे याचा पुरावाही ग्राहकाच्या हाती न राहता विक्रेत्याच्या दप्तरात गेला. म्हणून तपासणी किती कडक आहे याबरोबरच ती चुकल्यास दाद कोठे व किती लवकर मिळते, यावरही अशा व्यवस्थेची न्याय्यता ठरते.