परभूमीवरचा ऑथेल्लो

रंगभूमीचा इतिहास बहुधा राजधान्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मोठ्या शहरातील मानाच्या नाट्यगृहात जो गाजला तोच नट मोठा, असा आपला सर्वसाधारण समज असतो. या समजाची फेरतपासणी करावयास लावणारे एक चरित्र आयरा ऑल्ड्रिज या कृष्णवर्णी नटाचे आहे.

ऑल्ड्रिजचा जन्म १८०७ साली न्यूयॉर्क येथे झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही वडिलांची इच्छा; मुलाचा ओढा मात्र नाटकाकडे. त्या शहरात १८२१ च्या सुमारास विल्यम ब्राऊन यांनी कृष्णवर्णीयांची एक नाटकमंडळी उभी केली होती. परंतु गोऱ्या प्रतिस्पर्ध्यांचा उपद्रव आणि पोलिसांचा ससेमिरा यांपुढे ती फार काळ टिकली नाही. जन्मभूमीत आपल्याला रंगमंच मिळणार नाही, हे ओळखून १८२४ साली ऑल्ड्रिजने इंग्लंडची वाट धरली.

तेथेही स्वागत झाले असे नाही. १८२५ मध्ये तो लंडनच्या दुय्यम नाट्यगृहांत उभा राहिला, तेव्हा त्याच्या ओठांची घडणच अशी आहे की त्याला इंग्रजी उच्चार साधणार नाहीत, असा शेरा ‘टाइम्स’ने मारला. पुढे मार्च १८३३ मध्ये थोर नट एडमंड कीन ‘ऑथेल्लो’चा प्रयोग चालू असताना रंगमंचावरच कोसळला. त्याच्या जागी कॉव्हेंट गार्डनमध्ये ऑथेल्लो उभा करण्याची संधी १० एप्रिल रोजी ऑल्ड्रिजला मिळाली. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करण्याचा प्रश्न त्या दिवसांत ऐरणीवर होता. लंडनच्या पत्रांतून अभिनयापेक्षा वर्णाचीच चर्चा अधिक झाली आणि दोन प्रयोगांनंतर ते दार बंद झाले.

येथेच एखाद्याने हाय खाल्ली असती. ऑल्ड्रिजने मात्र पुढील जवळजवळ वीस वर्षे इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथील लहान गावे पिंजून काढली. कॉव्हेंट्री येथील नाट्यगृहाचे व्यवस्थापन तर त्याने १८२८ सालीच, वयाच्या एकविसाव्या वर्षी सांभाळले होते. नाटक निवडणे आणि ते बसविणे ही कामे त्याच्या अंगवळणी पडली होती. चेहऱ्याला पांढरी रंगभूषा करून त्याने शायलॉक, मॅकबेथ व लिअरही रंगविले. प्रयोगाअंती तो अनेकदा प्रेक्षकांसमोर येऊन गुलामगिरीविरुद्ध बोले.

१८५२ मध्ये तो युरोपात गेला. तेथे तो इंग्रजीतून बोले आणि सोबतचे नट आपापल्या भाषेत उत्तरे देत. तरीही नाट्यगृहे भरत. प्रशियाच्या राजाने त्याला सुवर्णपदक दिले. १८५८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे त्याची युक्रेनी कवी तारास शेवचेंको यांच्याशी गाढ मैत्री जडली. शेवचेंको भूदास म्हणून जन्मलेले आणि नुकतेच हद्दपारीतून परतलेले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, दुःख मात्र कळत होते. शेवचेंकोंनी त्या वर्षी रेखाटलेले ऑल्ड्रिजचे चित्र आजही उपलब्ध आहे.

१८६३ मध्ये त्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून गुलामगिरी नष्ट झाल्यावर तिकडे दौरा काढण्याची बोलणी चालू होती. पण ७ ऑगस्ट १८६७ रोजी पोलंडमधील लोड्झ येथे, दौऱ्यावर असतानाच, त्याचे देहावसान झाले. जन्मभूमीच्या रंगमंचावर तो पुन्हा उभा राहिलाच नाही. त्याची समाधी लोड्झलाच आहे.

योगायोग असा की, महादेवशास्त्री कोल्हटकर यांचे ‘ऑथेल्लो’चे मराठी भाषांतर याच १८६७ साली प्रसिद्ध झाले. पुढे देवलांच्या ‘झुंझारराव’ने तो नायक मराठी रंगभूमीवर रुजविला. ऑथेल्लोही परक्यांच्या चाकरीत कर्तृत्व गाजविणाराच, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मुख्य ठिकाणापासून दूर नेमणूक झाली की आपले काम कोणाच्या दृष्टीस पडणार नाही, अशी खंत आम्हां परप्रांतात नोकरी करणाऱ्यांस अधूनमधून ग्रासते. ऑल्ड्रिजच्या वाट्याला आलेला अन्याय आमच्या दूरपणाहून शतपट कठोर होता. त्याची तुलना करणेही अप्रशस्त. तथापि त्याच्या चरित्रातून एक गोष्ट आम्हांस निश्चित दिसते. लंडनने नाकारलेला नट आडगावच्या प्रेक्षकांसमोर वीस वर्षे पूर्ण जोमाने उभा राहिला, म्हणूनच पुढे युरोपाला तो लाभला. ज्या गावात मुक्काम पडला तेथील प्रेक्षक त्याने कधी कमी लेखला नाही. आमच्या मते त्याचे खरे मोठेपण पदकांपेक्षा यात आहे.