मुंबई स्पेशल घड्याळाची कुळकथा

नवापूर-बोईसरकडे एखाद्या घरी कपाट आवरताना जुने मनगटी घड्याळ हाती लागावे, डायल झगझगीत निळी किंवा केशरी, काटे लाल आणि वर एखादे नामांकित स्विस नाव. अशा घड्याळाचे मॉडेल कंपनीच्या जुन्या कॅटलॉगमध्ये शोधत बसू नये. बहुधा ते कंपनीने कधी काढलेलेच नसते. जगभरचे संग्राहक त्याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात.

या घड्याळाचे मूळ इथल्या टंचाईत आहे. स्विस घड्याळे मुंबईला फार जुनी. फेव्हर-ल्यूबाने 1865 मध्ये इथे बस्तान बसवले, तर 1886 मध्ये वेस्ट एंड वॉच कंपनी आली. तिचे ‘सोवार प्राइमा’ फौजेत आणि रेल्वेत नावाजले. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर बंधने आली. 1961 मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझनशी करार करून बंगळूरला घड्याळे बनवायला घेतली, पण मागणी मोठी होती. इकडे बोईसरजवळ तारापूरला अणुवीज केंद्र आले, एमआयडीसी उभी राहिली. पाळीच्या वेळेला बांधलेल्या माणसाला मनगटावर घड्याळ हवेच होते. त्यामुळे बंद पडलेले घड्याळ कोणी फेकून देत नसे. घड्याळजी एकाचे मशीन, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचे काटे जुळवून ते चालू करत. डायल काळवंडली असेल तर खरवडून नवा रंग चढवत आणि नाव पुन्हा छापत. पुढे बॅटरीची घड्याळे आली, चावीच्या घड्याळांचे ढीग मुंबईच्या चोरबाजारात आले आणि हेच कौशल्य परदेशी गिऱ्हाइकासाठी राबू लागले. भडक रंग तेव्हाचे.

ओळख पटवायची तर मागचे झाकण उघडावे लागते. डोळ्याला भिंग लावून बॅलन्सच्या चाकाखाली पाहावे. तिथे मशीन बनवणाऱ्याचे चिन्ह आणि क्रमांक कोरलेला असतो. तिथे ‘एसटी 96’ दिसले तर ते स्वित्झर्लंडच्या फॉन्तेनमेलों इथल्या कारखान्याचे चावीचे मशीन. ते कित्येक स्वस्त घड्याळांत बसत असे, म्हणून डायलवर बडे नाव असले की शंका घ्यावी. मग डायल तपासावी. अक्षरांच्या कडा फुगलेल्या आहेत का, सहाच्या आकड्याखालची बारीक ओळ गायब आहे का, मिनिटांच्या रेषा आणि खुणा एका ओळीत येतात का?

घड्याळ जपानच्या सेको कंपनीचे असेल तर काम सोपे होते. झाकणावरच्या मॉडेल क्रमांकाचे पहिले चार आकडे मशीनचे असतात. डायलच्या खालच्या कडेला तेच चार आकडे अतिबारीक छापलेले असायला हवेत. अनुक्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा, दुसरा महिन्याचा. झाकणावर 7009 आणि अनुक्रमांक 83 ने सुरू होत असेल, तर घड्याळ 1978 किंवा 1988 च्या मार्चमधले. डायलवर भलताच क्रमांक असेल, तर ती बदललेली किंवा नव्याने रंगवलेली आहे.

झाकणाच्या आतल्या बाजूला पुष्कळदा सुईने कोरलेल्या बारीक खुणा आणि तारखा दिसतात. घड्याळ कधी उघडले, ते घड्याळजींनी स्वतःपुरते टिपून ठेवलेले असते. पॉलिश करताना या खुणा पुसू देऊ नयेत, त्यांचा फोटो काढून ठेवावा.

अशा घड्याळाला नुसते ‘नकली’ म्हणणे अन्यायाचे आहे. त्यातले मशीन खरे असते आणि ते चालते ठेवणाऱ्याचा हातही खरा असतो. फसवणूक होते ती ‘अस्सल, न बदललेले’ म्हणून विकताना. म्हणून विकणाऱ्याने मशीन कोणाचे, डायल केव्हा रंगवली, काटे कुठले, हे स्पष्ट सांगावे. घरात ठेवायचे असेल तर हीच माहिती चिठ्ठीवर लिहून घड्याळासोबत ठेवावी. कंपनीच्या यादीत नसलेल्या या घड्याळांची दुसरी नोंद कुठेच होणार नाही.