०.४४ आला कुठून? घट्ट बाकाच्या एका आकड्याचा इतिहास

माझं गाव हरसूल, त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं, गुजरातच्या सीमेलगतचं. आठवडी बाजारात पत्र्याच्या पेट्या मांडलेल्या असायच्या. झाकणाची कड हाताला कापू नये म्हणून पत्रा पूर्ण उलटा दुमडून चपटा ठोकलेला असतो. पत्राकामातला सगळ्यात घट्ट बाक तो हाच. आतली त्रिज्या जवळजवळ शून्य. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी तीच कड कॅडमध्ये काढायला बसले आणि अडकले. शून्य त्रिज्या चालेना, म्हणून ०.००१ मिमी टाकली. मॉडेल छान दिसलं. त्यावरून कापलेला पत्रा मात्र दुमडल्यावर मापात बसला नाही.

चूक शोधताना गाठ पडली ती 'के-फॅक्टर'शी. पत्रा वाकवला की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, आणि मध्ये कुठेतरी एक रेषा अशी असते की जिची लांबी बदलत नाही. आतल्या पृष्ठापासून ती जाडीच्या कितव्या भागावर आहे, तो आकडा म्हणजे के. सपाट पत्रा किती लांब कापायचा हे त्यावर ठरतं. इन्व्हेंटरमध्ये हा आकडा आधीच ०.४४ भरलेला असतो, सॉलिडवर्क्समध्ये ०.५. १९८८ साली आलेलं प्रो-इंजिनिअर के न विचारता 'वाय' विचारतं आणि तिथे ०.५ भरलेलं असतं. पण वाय म्हणजे के गुणिले पायचा अर्धा, म्हणजे के झाला साधारण ०.३२. पत्रा तोच, उत्तरं तीन!

पुस्तकात शोधलं तर आधी नाव्हिए भेटतो. त्याच्या १८२६ च्या व्याख्यानांत ही रेषा छेदाच्या मध्यावर आहे. तुळईसाठी ते बरोबर, कारण भार काढला की तुळई सरळ होते. पेटीची कड सरळ होत नाही. कायमच्या वाकण्याचं गणित रॉडनी हिलच्या १९५० च्या प्लॅस्टिसिटीवरच्या ग्रंथात नीट सापडतं: वाकवताना ताण आणि दाब यांची सीमा आतल्या बाजूला सरकत जाते. इथे माझा महिना गेला, म्हणून सावकाश वाचा. ही सरकणारी सीमा आणि अखेरीस लांबी न बदललेली रेषा एकच नव्हेत. आकारमान कायम आणि जाडीही कायम असं धरलं, तर साध्या भूमितीनेच के ०.५ येतो, बाक कितीही घट्ट असो. के कमी होतो तो मुख्यतः बाकात पत्रा पातळ होतो म्हणून. आणि किती पातळ होईल हे धातू, डाय, वाकवायची पद्धत यांवर असतं. म्हणजे आकडा कारखान्यातूनच यायला हवा.

तो आलाही तिथूनच. विमानाच्या पत्र्याला रिव्हेटची भोकं आधी पाडून नंतर वाकवलं, तर अर्ध्या मिमीची चूकही महागात पडते. अमेरिकी विमान-दुरुस्तीच्या हस्तपुस्तिकांत एक सूत्र छापलेलं असतं: ०.०१७४३ गुणिले त्रिज्या, अधिक ०.००७८ गुणिले जाडी, आणि बेरजेला कोनाच्या अंशांनी गुणा. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की के निघतो, सुमारे ०.४५. सोव्हिएत विमान उद्योगाची वाट वेगळी होती. पूर्ण आकारात आरेखन करून त्यावरून पत्र्याचे नमुने कापायचे. मिग-२१ याच उद्योगातलं. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाल्यावर त्याच्या सांगाड्याचं काम आमच्याच जिल्ह्यात, ओझरला आलं.

जर्मन मानक डीआयएन ६९३५ तिसरंच सांगतं. त्यात अर्ध्या जाडीला गुणायचा आकडा म्हणजे ०.६५ अधिक, त्रिज्या भागिले जाडी याच्या लघुगणकाचा अर्धा. २ मिमी पत्रा, २ मिमी त्रिज्या, ९० अंश घ्या. विमानवाल्यांच्या सूत्राने बाकाची लांबी ४.५४ मिमी, जर्मन सूत्राने ४.१६. चार बाक असले की दीड मिमीचा फरक. त्रिज्या जाडीच्या पाचपट झाली की जर्मन के ०.५ वर पोचतो आणि तिथेच थांबतो. उलट ती जाडीच्या विसाव्या भागाखाली गेली की के चक्क ऋण! माझी ०.००१ मिमीची युक्ती या सूत्रात घालून पाहिली तेव्हा हसू आलं, मग जरा लाज वाटली.

आता कबुली. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की इन्व्हेंटरचा ०.४४ विमानांच्या हस्तपुस्तिकेतून आला आणि प्रो-इंजिनिअरचा ०.३२ जर्मन मानकातून. आकडे जुळतात ना! गाइडने समासात लिहिलं, "कागद दाखव." कागद नव्हता. दोन आकडे सारखे दिसले म्हणजे त्यांची वंशावळ सिद्ध झाली असं नाही. दोघांनी वेगवेगळे पत्रे मोजूनही तोच आकडा निघू शकतो. ते वाक्य खोडलं. प्रकरणातलं माझं सगळ्यात लाडकं वाक्य होतं.

त्यानंतर पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, कापण्याआधी लांबी मोजली, प्रत्येकीची कड दुमडून ठोकली आणि पुन्हा मोजली. के आता तिथून घेते. दुमडलेल्या जागी पट्टी आडवी कापून जाडीही पाहते. किती पातळ झाली ते तिथे उघड दिसतं.