कच्चें मडकें

संतांच्या ज्या कथा महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहेत, त्यांपैकीं दोन नेहमीं एकमेकींस जोडून सांगितल्या जातात. पहिली तेरची, दुसरी औंढा नागनाथाची. तेर येथें गोरोबा काकांच्या घरीं संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईची दृष्टि तेथल्या थापटण्याकडे गेली, आणि हें कशाचें साधन म्हणून तिनें विचारलें. मडकें कच्चें कीं पक्कें तें यानें कळतें, असें गोरोबांनीं सांगितलें. मग आमचींही मडकीं पाहा, असें म्हणतांच गोरोबा उठले व एकेकाच्या डोक्यावर थापटणें मारीत चालले. इतर सर्व स्वस्थ बसून राहिले. नामदेव मात्र संतापले. हें मडकें कच्चें, असा निकाल झाला. नामदेवांनीं पंढरीस जाऊन विठ्ठलापाशीं गाऱ्हाणें केलें. पण देवानेंही निकाल फिरविला नाहीं. त्यानें नामदेवांस औंढ्यास विसोबा खेचरांकडे धाडलें. तेथें पाहतात तों एक म्हातारा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेला! पाय काढा म्हटल्यावर तो म्हणाला, जेथें देव नसेल तेथें तूंच ते उचलून ठेव. नामदेवांनीं पाय फिरवावे तिकडे लिंग दिसूं लागलें. ह्या म्हाताऱ्यास त्यांनीं गुरु केलें.

या कथेची ऐतिहासिक किंमत किती, हें प्रथमच सांगून टाकणें बरें. आज आपण ती ज्या रूपांत ऐकतों, तें रूप रूढ करण्यांत महिपतीच्या 'भक्तविजया'चा वांटा मोठा आहे. तो ग्रंथ शके १६८४, म्हणजे इ. स. १७६२ चा, नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा धरतात. मध्यें चार शतकें लोटलीं. औंढ्याच्या देवळाचीच दुसरी एक कथा आहे. पुजाऱ्यांनीं नामदेवांस कीर्तनासाठीं देवळाच्या मागच्या बाजूस घालवून दिलें, तेव्हां देऊळच फिरून त्यांच्यासमोर आलें, आणि नंदी मागें राहिला तो तेथें आजही दाखवितात. देवळें फिरत नाहींत, हें आम्हांस कळतें. परंतु हिंगोली जिल्ह्यांतील ह्या एकाच क्षेत्राभोंवतीं, एकदां कच्चा ठरलेल्या व एकदां दाराबाहेर घातलेल्या त्याच माणसाच्या कथा लोकांनीं इतकीं शतकें कां जपल्या, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. कारण त्या माणसाचें पुढें काय झालें, तें कथेवर अवलंबून नाहीं. १६०४ सालीं शिखांचा जो आदिग्रंथ सिद्ध झाला त्यांत नामदेवांचीं एकसष्ट पदें आहेत. पंजाबांतील घुमान हें गांव आजही त्यांच्या नांवानें ओळखलें जातें, आणि त्याच गांवीं २०१५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अठ्ठ्यायशीवें अधिवेशन भरलें. तेरच्या त्या बैठकींत जीं मडकीं पक्कीं निघालीं त्यांची थोरवी आम्ही कमी लेखत नाहीं. ज्ञानेश्वरांस कोण कमी लेखील? पण सर्वांत दूरचा पल्ला त्या कच्च्या मडक्यानें गांठला.

येथें कुंभाराच्या धंद्यांतील एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. थापटणें हें मुळांत पारखण्याचें साधन नव्हेच. चाकावरून उतरलेलें मडकें किंचित् सुकलें म्हणजे आंतून दगडी गोळा धरून बाहेरून लांकडी थापटण्यानें तें ठोकतात. त्यानें मडक्याची भिंत पातळ व सारखी होते आणि पोट फुगतें. भाजलेल्या मडक्याची परीक्षा बोटानें टिचकी मारून, नादावरून करतात. त्याच्यावर थापटणें चालवाल तर खापऱ्या हातीं येतील. अर्थात् थापटणें उपयोगी पडतें तें कच्च्या मडक्यालाच. कथेंतील गोरोबांनीं धंद्याचें हत्यार हातीं घेऊन टिचकीचें काम केलें, आणि खरें थापटण्याचें काम पुढें औंढ्यास विसोबांनीं केलें, असें आम्ही समजतों.

पारखणें आणि घडविणें यांतील हा भेद जेथें रोज पैशाच्या मापानें मोजला जातो, असें एक क्षेत्र आज आहे. तें म्हणजे धंदेवाईक खेळांतील खेळाडूंची निवड. नागनाथाच्या देवळांतून एकदम अमेरिकेच्या मैदानावर गेल्याबद्दल वाचक आम्हांस हंसतील. तथापि निवडीच्या ह्या पद्धतीचा जुना व सविस्तर इतिहास तेथेंच सांपडतो.

अमेरिकेंतील फुटबॉल म्हणजे आमच्या शाळकरी मुलांचा फुटबॉल नव्हे. तेथें चेंडू बहुधा हातांत घेऊन पळतात. १९३५ च्या सुमारास तेथल्या लीगमध्यें चांगले खेळाडू श्रीमंत व विजयी संघांकडेच जात. फिलाडेल्फियाच्या 'ईगल्स' संघाचा बर्ट बेल हा सदा हरणाऱ्यांपैकीं. त्यानें त्या सालीं सूचना मांडली कीं, विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांची निवड संघांनीं पाळीपाळीनें करावी, आणि पहिली पाळी शेवटच्या क्रमांकाच्या संघाला असावी. यालाच 'ड्राफ्ट' म्हणतात. ८ फेब्रुवारी १९३६ रोजीं फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलांत फळ्यावर नव्वद नांवें लिहून पहिली निवड झाली. नऊ संघांनीं नऊ फेऱ्यांत ८१ जण उचलले. सर्वांत पहिलें नांव शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगर याचें होतें. हा गृहस्थ त्या लीगमध्यें एकही सामना खेळला नाहीं! आरंभच असा झाला.

पुढें परीक्षा फार शास्त्रीय झाली. दरवर्षीं सुमारें तीनशें तरुणांस एका ठिकाणीं बोलावून त्यांचें वजन करतात, हाताचे पंजे मोजतात, चाळीस यार्ड धांवावयास लावून सेकंदाचे शतांश टिपतात, उड्या मारावयास लावतात आणि मुलाखती घेतात. इतकें करून २००० सालीं टॉम ब्रेडी हा तरुण सहाव्या फेरींत, १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्याच जागेवर खेळणारे सहा जण त्याच्या आधीं उचलले गेले होते. ह्या ब्रेडीनें पुढें अंतिम विजेतेपद सात वेळां मिळविलें. असें एखादें उदाहरण अपवाद म्हणून सोडून देतां येईल. पण केड मॅसी व रिचर्ड थेलर ह्या दोन विद्वानांनीं अनेक वर्षांच्या निवडी तपासल्या, त्यांचा निष्कर्ष सोडून देण्यासारखा नाहीं. एकाच जागेसाठीं लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकीं आधीं निवडलेला पुढें अधिक चांगला निघण्याचा संभव शेंकडा ५२ इतकाच त्यांस आढळला. म्हणजे नाणें उडविण्याहून थोडा बरा! आणि तरीही पहिल्या पाळ्यांसाठीं संघ वाटेल ती किंमत मोजतात. निवडणाऱ्याचा स्वतःच्या नजरेवरील विश्वास हा त्याच्या नजरेच्या शक्तीहून नेहमींच मोठा असतो, हें त्यांच्या म्हणण्याचें सार. थेलर यांस २०१७ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, तें याच जातीच्या मानवी चुकांच्या अभ्यासाबद्दल.

मग काय, चिठ्ठ्या टाकून निवड करावी? तसें मुळींच नाहीं. पहिल्या फेरींतले तरुण एकंदरींत सहाव्या फेरींतल्यांहून चांगले निघतात, यांत शंका नाहीं. नजर ढोबळ भेद ओळखते. शेजारशेजारच्या दोघांतला ओळखूं शकत नाहीं. यावरून शहाण्या संघानें घ्यावयाचा धडा असा कीं, एका गाजलेल्या नांवासाठीं सर्व पुंजी ओतूं नये. पहिली पाळी देऊन मागच्या दोन-तीन पाळ्या मिळत असतील तर घ्याव्या, आणि जे पदरीं पडतील त्यांस घडविण्यावर खर्च करावा. डॅलसच्या संघानें १९८९ सालीं हर्शेल वॉकर हा आपला सर्वांत नांवाजलेला खेळाडू मिनेसोटास देऊन त्याच्या बदल्यांत खेळाडू व पाळ्यांचा ढीग घेतला. त्या हंगामांत ते सोळांपैकीं पंधरा सामने हरले, व लोकांनीं त्यांस वेड्यांत काढलें. पुढच्या सहा हंगामांत तेच तीन वेळां विजेते झाले.

आम्हां शिक्षकीच्या धंद्यांतल्या लोकांनीं ह्या मालकांस फार हंसूं नये. प्रवेशाच्या याद्या लावतांना ८८ आणि ८९ गुणांच्या मुलांमध्यें जी रेघ आम्ही ओढतों, ती चाळीस यार्डांच्या धांवेहून अधिक खरी आहे, असें छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? आणि घरोघर आईबाप बारा वर्षांच्या पोराला पाहुण्यांदेखत 'हा गणितांत कच्चा' म्हणून सांगतात, त्या वेळीं आपण थापटणें उचललें आहे कीं टिचकी मारली आहे, याचा विचार किती जण करतात?

आपल्याकडेही ड्राफ्टची नक्कल झाली. इंडियन सुपर लीग सुरू व्हावयाची होती तेव्हां, जुलै २०१४ मध्यें, मुंबईंत भारतीय फुटबॉलपटूंची अशी निवड झाली. मुंबई, पुणें व गोवा येथील संघ त्या लीगमध्यें होते. अशी शेवटची निवड जुलै २०१७ मध्यें, तीही मुंबईंतच, झाली. त्यानंतर ही प्रथा बंद पडली. आमच्या मतें ती बंद पडली यांत नवल नाहीं. अमेरिकेंत ज्या संस्था मुलांस घडवितात त्या, म्हणजे विद्यापीठें, ड्राफ्टच्या आधीं उभ्या होत्या. आपल्याकडे जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीसारख्या संस्था थोड्या. ती १९८७ ची. त्यामुळें मुंबईंत मुख्यतः घडलेल्यांची वांटणी झाली. कच्च्यांची सोय कोणी केली नाहीं.

याच्या अगदीं उलट व्यवस्था पाहावयाची असल्यास कोल्हापुरास जावें. तेथील फुटबॉल पेठांच्या तालमींनीं वाढविला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम हीं नांवें कुस्तीचीं वाटतात, पण शाहू स्टेडियमवर त्यांचे फुटबॉलचे सामने पाहावयास सारें शहर लोटतें. पेठेंतला मुलगा ह्या वातावरणांत लहानाचा मोठा होतो; त्याला कोणी फळ्यावरून उचललेला नसतो, आणि चार सामने वाईट गेले तरी तो पेठेचाच राहतो. भारतांत २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा झाली, तींत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव ह्याच शहरचा. तालमींच्या फुटबॉलांत भांडणें पुष्कळ, हेंही खरें. त्यामुळें स्पर्धा बंद ठेवण्याची पाळी आलेली आहे. पण मडकें सुकेपर्यंत धीर धरण्याची शक्ति धंदेवाईक संघापेक्षां पेठेंत अधिक असते.

ती धंदेवाईक संघांत आणतां येईल काय? कबड्डीचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. प्रो कबड्डी लीगमध्यें ड्राफ्ट नसून लिलांव आहे. मात्र नव्या तरुण खेळाडूंस लिलांवाबाहेर घेऊन सांभाळण्याची मुभा संघांस आहे. पुणेरी पलटणनें ह्या मुभेचा चांगला उपयोग केला. अस्लम इनामदार व मोहित गोयत हे ह्याच वाटेनें आलेले. २०२२ च्या डिसेंबरांत हा संघ अंतिम सामन्यांत जयपूरकडून ३३-२९ असा हरला. तरी त्यानें तीं मुलें बदललीं नाहींत. उलट अस्लमला कर्णधार केलें. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस पुण्यानें हरयाणास २८-२५ असें हरवून पहिलें विजेतेपद मिळविलें. त्याच हंगामाच्या लिलांवांत तेलुगु टायटन्सनें पवन सेहरावत ह्या नामांकित चढाईपटूसाठीं दोन कोटी साठ लाख पन्नास हजार रुपये मोजले होते. तो संघ बावीस सामन्यांत दोनच जिंकून शेवटच्या क्रमांकावर राहिला. आदल्या हंगामांत तामिळ संघानें त्याच पवनसाठीं सव्वादोन कोटींच्या वर दिले, आणि पहिल्याच सामन्यांत तो जायबंदी झाला. पवन थोर खेळाडू आहे, यांत वाद नाहीं. दोष एका गुडघ्यावर सारा संघ उभा करणाऱ्यांचा.

पण पुण्याची हकीकत अर्धीच सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्याच विजयी हंगामांत पुण्यानें मोहम्मदरेझा शादलू ह्या इराणी खेळाडूस दोन कोटी पस्तीस लाखांस घेतलें होतें. म्हणजे घरच्या कच्च्या मातीबरोबर एक भाजलेलें, महागाचें मडकेंही होतें. पुढच्या हंगामांत तो लिलांवांतून हरयाणाकडे गेला. २९ डिसेंबर २०२४ रोजीं हरयाणा विजेता झाला, आणि पुणेरी पलटण पहिल्या सहांतही आली नाहीं. तेव्हां घडविणें पुरतें आणि विकत घेणें नको, असें ह्या इतिहासावरून म्हणतां येत नाहीं. इतकें मात्र दिसतें कीं, विकत घेतलेला गेल्यावर मागें जो संघ उरला, तो पुणेरी पलटणच्या स्वतःच्या मुलांचा होता. आणि तोच २०२५ च्या हंगामांत पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत पोंचला.