अ‍ॅप्रनआडचे मन

साथींचा इतिहास आपल्याकडे मृतांच्या आकड्यांनी आणि कायद्याच्या कलमांनी लिहिला जातो. रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या माणसाच्या मनाची नोंद त्यात क्वचितच सापडते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी अवघ्या तीन महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. हा पराक्रम सर्वांना ठाऊक आहे. त्या धावपळीत त्यांच्या एका मदतनिसाचे मन ढासळले, दोघे काम सोडून गेले, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. त्याच वर्षी साथरोग कायदा आला. त्यात सरकारचे अधिकार होते; सेवेकऱ्याच्या मनाला जागा नव्हती.

सव्वाशे वर्षांनी आमच्या नाशिक जिल्ह्यावर तीच वेळ आली. एप्रिल २०२० मध्ये मालेगावचे यंत्रमाग थांबले, रमजानची तरावीह घराघरांत गेली. पुढच्या रमजानमध्ये, २१ एप्रिल २०२१ रोजी, नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. त्या एका दिवशी २२ रुग्ण दगावले. ३ मे रोजी केंद्राने पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा किमान चार महिने पुढे ढकलली आणि इंटर्न व शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कोविडच्या कामाला जुंपले. परीक्षा लांबलेली, अंगावर पीपीई किट, पाण्याचा घोटही नाही, आणि मृत्यूची बातमी नातेवाइकांना सांगायची तीही तेविशीच्या पोराने!

आम्ही काय केले? थाळ्या वाजवल्या, आणि ड्यूटीवरून परतणारी मुलगी जिन्यात दिसताच दारे लावून घेतली. त्याच दिवसांत साथीचा खोटा ठपका आमच्या समाजावर ठेवला जात होता. तो सोसणाऱ्या आम्हीच दुसऱ्याला संशयाने पाहिले, याची बोच आजही आहे.

निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांची मर्यादा १९९२ पासून कागदावर आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाला पुन्हा सांगावे लागले, की आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, एक सुटी हवी. २०२२ पासून १४४१६ हा मानसिक आधाराचा दूरध्वनीही आहे. पण झोपेला वेळच नसेल, तर फोन कधी करायचा?

आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्याच नाशकात आहे. राज्यभरची ही मुले त्याचीच लेकरे. पुढची साथ येण्याआधी त्यांना झोप, जेवण आणि ‘बेटा, कसा आहेस?’ विचारणारा वडीलधारा मिळावा. एवढे तर आपल्या हाती आहे.