वापरलेली बंदूक : ठाणे आणि कल्याण–डोंबिवली

वापरलेली बंदूक : एका परवानाधारकाकडून वारशाने, थेट विक्रीने किंवा अधिकृत विक्रेत्यामार्फत दुसऱ्याकडे आलेले नागरी अग्निशस्त्र. प्रस्तुत नोंद ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीपुरती (ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर) आणि प्रथमच बंदूक बाळगणाऱ्याच्या दृष्टीने केली आहे. लगतच्या मुरबाड व शहापूर तालुक्यांचा उल्लेख आवश्यक तेथे येतो.

वर्गीकरण : शस्त्र अधिनियम १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आहे, त्यापूर्वी व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीतला १८७८ चा कायदा लागू होता. सध्याचे नियम २०१६ चे आहेत. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत अर्धस्वयंचलित अग्निशस्त्रे पहिल्या वर्गात मोडतात. पिस्तुलांना त्यातून वगळले आहे. लष्करी .३०३ व ७.६२ मिमी काडतूस चालवू शकणाऱ्या रायफलीही याच वर्गात येतात. या वर्गाचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत असल्याने अर्धस्वयंचलित रायफल, नवी असो वा जुनी, सामान्य अर्जदाराच्या आवाक्याबाहेर आहे. अर्धस्वयंचलित छऱ्याच्या बंदुकांचा प्रश्न वेगळा असून येथे घेतलेला नाही.

नागरिकाच्या वाट्याला मुख्यतः पुढील हत्यारे येतात : बारा बोअरची एकनळी वा दुनळी बंदूक, .३१५ बोअरची बोल्ट रायफल, .२२ बोअरची रायफल, .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल आणि ठासणीची बंदूक. .३१५ रायफल पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात तयार होते. तिची मूळ रचना ली-एनफील्डची असून, लष्करी .३०३ काडतूस नागरिकांना वर्ज्य असल्याने तिला ८ मिमीचे वेगळे काडतूस दिले आहे. एअर रायफलला २० जूलपर्यंत ऊर्जा व .१७७ पर्यंत बोअर असल्यास परवाना लागत नाही.

‘बारा बोअर’ ही संज्ञा शिशाच्या वजनावरून आली. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक जिच्यात बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. प्रत्यक्ष व्यास ०.७२९ इंच, म्हणजे सुमारे १८.५ मिमी.

परवाना : आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात, बाहेर जिल्हाधिकारी. अर्जदाराचे वय किमान २१ लागते. जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल, वैद्यकीय दाखला व शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण हे टप्पे आहेत. परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला विशिष्ट क्रमांक (यूआयएन) मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली.

कलम १३ मधील एक भेद अर्जदारांच्या सहसा लक्षात येत नाही. किमान २० इंच नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक संरक्षण वा खेळासाठी, ठासणीची बंदूक खऱ्या पीकसंरक्षणासाठी आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीसाठी .२२ रायफल, या बाबतींत कायद्याची भाषा अर्जदाराला अधिक अनुकूल आहे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही (कलम १४).

ठाणे शहराला लागू पडणारी आणखी एक तरतूद वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ मध्ये आहे. अभयारण्यापासून १० किमीच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंदणी करायची असते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना देण्यापूर्वी त्यांची संमती लागते. राष्ट्रीय उद्यानांनाही हे कलम लागू आहे. येऊर व घोडबंदर रस्ता संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला खेटून आहेत, खाडीचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे.

हस्तांतरण : (१) वारसा. नियम २५ नुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना मिळू शकतो. धारक हयात असतानाही, त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा हत्यार २५ वर्षे बाळगले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्याने सुचवलेल्या वारसाला परवाना देता येतो. वारसांत मुलगा-मुलगी, पती-पत्नी यांच्याबरोबर सून, जावई, भाऊ व बहीणही येतात. मात्र परवाना नावावर होईपर्यंत वडिलांची बंदूक मुलाला घरातल्या कपाटात ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावी लागते. दिवसकार्याच्या गडबडीत हे राहून गेल्यास घरच्यांकडे विनापरवाना शस्त्र असल्यासारखे होते. त्या गुन्ह्याला २०१९ नंतर किमान दोन वर्षे कैद सांगितली आहे.

(२) थेट विक्री. खासगी वापराचे हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकता येते. परंतु विक्रेत्याने खरेदीदाराच्या नाव-पत्त्यासह जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते (कलम ५). हत्यार आधी घेऊन कागद मागून करणे चालत नाही.

(३) विक्रेत्यामार्फत. पहिल्या खरेदीला हा मार्ग सोपा जातो, कारण मधल्या नोंदी विक्रेत्याच्या वहीत सापडतात.

किंमत : विदेशी बंदुकांची खासगी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद असल्याने जुन्या इंग्लिश व युरोपीय हत्यारांना त्यांच्या अवस्थेपेक्षा जास्त भाव येतो.

खरेदीपूर्व पाहणी : प्रथम क्रमांक जुळवावा. दुनळी उघडून नळ्या काढल्या की त्यांच्या सपाट बुडावर व ॲक्शनवर क्रमांक दिसतो. तो परवान्यावरील क्रमांकाशी आकड्याला आकडा जुळला पाहिजे. निर्मात्याचे नाव वा क्रमांक नसलेले हत्यार विकणे वा हस्तांतरित करणे कलम ८ खाली गुन्हा आहे, म्हणून क्रमांक घासलेला दिसताच तेथूनच परत फिरावे.

त्याच बुडावर प्रमाणचिन्हे असतात. इंग्लिश बंदुकीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहाचा ठसा असतो. १९५४ नंतरच्या बंदुकांवर चेंबरची लांबी व दाब टनांत कोरलेला आढळतो : अडीच इंची चेंबरला ३ टन, पावणेतीन इंचीला सव्वातीन टन. पहिल्या प्रकारात पावणेतीन इंची (७० मिमी) काडतूस कित्येकदा सहज बसते, पण उडाल्यावर त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. म्हणून काडतूस बसते की नाही यावरून निवडू नये, ठसा वाचून निवडावे. लाटांसारखी नक्षी असलेली दमास्कस नळी काळ्या दारूच्या काळातली असते. आधुनिक काडतुसांसाठी तिची खरेदी टाळावी.

यानंतर नळी. डोळा एका टोकाशी ठेवून उजेडाकडे पाहिले की आत प्रकाशाची वर्तुळे एकात एक दिसतात. वर्तुळ एके ठिकाणी मोडलेले दिसले तर तेथे पोचा आहे. काळसर कडे दिसले तर नळी फुगलेली आहे. फुगलेली नळी घेऊ नये. बारीक खड्डे चालतात, परंतु चेंबरच्या पुढच्या भागातले खोल खड्डे चालत नाहीत, कारण सर्वांत जास्त दाब तेथेच येतो. आतून फारच लखलखीत असलेल्या जुन्या नळीविषयी उलट शंका घ्यावी : खड्डे घासून घालवताना तिची भिंत पातळ झालेली असू शकते, म्हणून ती मोजून घ्यावी. नळ्या बोटावर टांगून लाकडाने हलकेच टिचकी मारल्यास घंटेसारखा नाद आला पाहिजे. भद्द किंवा खरखरीत आवाज आल्यास दोन नळ्यांमधली पट्टी सुटली आहे.

पुढचे लाकूड काढून, मिटलेली बंदूक मुठीशी धरून हलवावी. बिजागरी सैल असल्यास कट-कट जाणवते. चाप व खटका यांची परीक्षा फक्त नकली काडतुसावर घ्यावी. दस्त्याला मुठीजवळ तडे आहेत का ते पाहावे. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास खोऱ्यातली तळमजल्याची अनेक घरे पाण्याखाली गेली होती. त्या पट्ट्यातून येणाऱ्या बंदुकीचे लाकूड आणि लोखंड जेथे मिळतात ती जागा उघडल्याशिवाय व्यवहार करू नये. वरून पॉलिश केलेल्या हत्याराचा गंज तेथे टिकून असतो.

.३१५ रायफलीत आटे, विशेषतः तोंडाजवळचे, शाबूत आहेत का आणि बोल्टवरचा क्रमांक नळीशी जुळतो का, एवढे प्रथम पाहावे.

देखभाल : ठाणे जिल्ह्यात वर्षाला सुमारे २,५०० मिमी पाऊस पडतो आणि बराचसा चार महिन्यांत पडतो. येथे न वापरलेली बंदूक वापरलेल्या बंदुकीपेक्षा लवकर बिघडते. क्रम असा : हत्यार रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री; नळ्या सुट्या करणे; चेंबरच्या बाजूने गज व कोरडी चिंधी; पितळी ब्रश व सॉल्व्हंट; चिंधी स्वच्छ येईपर्यंत पुसणे; शेवटी तेलाचा पातळ हात. काळी दारू किंवा जुन्या पद्धतीची टोपी वापरली असेल तर आधी गरम पाणी लागते, कारण मागे राहणारे क्षार तेलात विरघळत नाहीत. ठासणीच्या बंदुकीला हे त्याच दिवशी करावे.

खोबरेल तेल वापरू नये. ते सुमारे २४ अंशांखाली थिजते आणि हिवाळ्यात खटक्याच्या यंत्रणेत चिकटून बसते. दस्त्याला जवसाचे तेल चालते. चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवून देणे ही सर्वांत महागात पडणारी सवय होय : चामडे ओल धरते आणि म्यानाच्या शिवणीची रेघ नळीवर गंजाच्या रूपाने उमटते. सुती कापड, सिलिका जेलच्या पुड्या आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला एक पाहणी पुरेशी ठरते.

दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि तो दुरुस्ती करणाऱ्याकडे असावा लागतो. डोंबिवली–अंबरनाथच्या औद्योगिक पट्ट्यात लेथ आणि प्लेटिंगची कामे करणाऱ्या कार्यशाळा आहेत म्हणून नळी त्यांच्याकडे काळी करायला देता येत नाही. नळी कापून आखूड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे (कलम ६). अंबरनाथला आयुध निर्माणी आहे. तेथे नागरी बंदूक दुरुस्त होत नाही.

साठवण : कुलुपात, रिकामी, काडतुसे वेगळी. सदनिकेत दुनळी तीन भागांत (नळ्या, पुढचे लाकूड, दस्ता) सोडवून ठेवणे सोयीचे.

काडतुसे : परवान्यावर लिहिलेल्या संख्येपुरतीच. ओल लागून फुगलेले कागदी काडतूस वापरू नये.

निवडणूक काळ : आचारसंहितेत छाननी समिती ठरवील त्या धारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा होतात. २०२४ साली या परिसरात लोकसभेचे मतदान २० मे रोजी व विधानसभेचे २० नोव्हेंबर रोजी झाले. लोकसभेचा निकाल ४ जूनला, म्हणजे पावसाच्या तोंडावर लागला. म्हणून जमा करताना नळीला नेहमीपेक्षा जाड तेलाचा हात द्यावा, पावतीवर क्रमांक व अवस्था लिहून घ्यावी, आणि परत मिळाल्यावर तेल पुसल्याशिवाय काडतूस भरू नये.

पीकसंरक्षण : मुरबाड–शहापूरकडे रानडुकरांचा त्रास आहे. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे.

नेमबाजी : पॅरिस २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. या प्रकारात .२२ ची, एका वेळी एकच काडतूस भरण्याची रायफल लागते. पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, तर मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज. प्रथमच बंदूक घेणाऱ्याने वारशाच्या दुनळीचा कागद होईपर्यंत एअर रायफलवर हात बसवावा.

शिक्षा : आनंदोत्सवात हवेत गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास ७ ते १४ वर्षे कैद. हत्यार वारशाने आले होते, हा या दोन्ही बाबतींत बचाव नाही.